काकूंच्या पाटाची टेस्ट

तमाम सोयरेधायरे, सामाईक विहिरीचे भागीदार, मोटारपंपाचे चालक, आणि ज्यांनी ज्यांनी ‘आमचा जावई हुशार आहे’ असं चारचौघांत एकदा तरी म्हटलं आहे असे समस्त सासरे, यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, कंप्युटरच्या पडद्यावर ‘ओके’ ही अक्षरं उमटली म्हणून कोणीही छाती फुगवू नये. सदर अक्षरं नेमकी कोणाला विचारून उमटली याची आधी चौकशी करावी. चौकशी न करता छाती फुगवल्यास, आणि ती सासुरवाडीच्या अंगणात फुगवल्यास, होणाऱ्या परिणामास फुगवणारा स्वतः जबाबदार राहील.

जाहीरनामा संपला. फुगवणारा मीच. आता गोष्ट ऐका.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत मी एका भाड्याच्या खोलीत कंप्युटर क्लास चालवायचो. आमच्या घरचा धंदा कापडाचा. वाडवडिलांनी गजाने कापड मोजण्यात आयुष्य घालवलं आणि मीही ते घालवावं अशी सगळ्यांची इच्छा होती. पण मला लहानपणापासून प्रेक्षक लागतात. दुकानात गिऱ्हाईक येतं, त्याचं लक्ष कापडाकडे असतं. क्लासमध्ये पोरं येतात, त्यांना माझ्याकडेच पाहावं लागतं. एवढा साधा हिशेब करून मी कंप्युटरच्या धंद्यात पडलो. घरच्यांनी मला ‘निरा बह्याड’, म्हणजे ठार येडपट, ठरवून टाकलं.

मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या एका सीडीतून मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सापडली. सापडली आणि मी वेडाच झालो. बाकीच्या भाषांमध्ये चार ओळींत जे होतं ते इथे एका ओळीत व्हायचं, आणि ती ओळ मोठ्याने वाचली तर भाषणासारखी वाटायची. क्लासच्या पोरांना त्यात काही रस नव्हता. त्यांना टायपिंग आणि नोकरी हवी होती. मग मी एखादं खरंखुरं काम शोधत फिरू लागलो, ज्यावर ही विद्या चालवता येईल. ते काम मिळालं सासुरवाडीत.

सासुरवाडी आर्वी तालुक्यात, रोहण्याजवळ. विहीर एक आणि तिच्यावर भाजीपाल्याच्या वाड्या तीन. विहिरीला लागून सासऱ्यांची वाडी, त्यापलीकडे माझ्या साळ्याची, आणि अगदी टोकाला काकूंची. काकू म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ कधीच गेला होता, मूलबाळ नव्हतं. काकू एकट्या राहत, वेगळी चूल पेटवत, आणि वाडीत सांभार, मेथी, वांगी काढून आर्वीच्या बाजारात नेत. पुण्यामुंबईच्या वाचकांनी सांभाराला कोथिंबीर समजावं आणि पुढे चलावं.

विहिरीतून पाणी मातीच्या पाटाने जायचं. आता मातीच्या पाटाचा एक स्वभाव असतो. तो कोरडा असला की पहिलं पाणी स्वतःच पितो. टोकाच्या वाडीपर्यंत पाणी पोचेस्तोवर निम्मा वेळ संपतो. म्हणून त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक रीत होती: जवळच्याने आधी घ्यायचं, लांबच्याने शेवटी. तोपर्यंत पाट ओला झालेला असतो, पाणी सरसर जातं. याला ते ‘ओल्या पाटाचं पाणी’ म्हणत. काकूंची पाळी शेवटची, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि लिहून ठेवायची गरजही नव्हती.

पण आपल्याकडे तेव्हा भारनियमन जोरात होतं. शेतीची थ्री फेज लाईन कधी सकाळी, कधी दुपारी, कधी भलत्याच वेळी, आणि आठवड्याला वेळापत्रक बदललेलं. लाईन मध्येच गेली की मारली जायची शेवटची पाळी, म्हणजे काकूंची. ओला पाट असायचा, पण पाणीच नसायचं. साळा म्हणायचा, ‘काकू, काहाले एवढा जीव काढतं? वाडी मले बटईनं दे, अर्धा माल तुहा, अन आमच्याच घरी जेव.’ त्याचा जीव होता काकूंवर, खोटं कशाला बोलू. जमिनीवरही होता. काकू म्हणायच्या, ‘संक्रांतीपावतो पाह्यतो. वाडी साधली त माही चूल माह्याच घरी. नाई साधली त घेजो बाप्पा.’

हा करार झाला त्या दसऱ्याला मी पंगतीत जेवत होतो. पाळीवरून कुरबुर सुरू झाली. कोणी किती मिनिटं जास्त घेतली, कोणाच्या वेळी लाईन गेली. मी पुरी वरणात बुडवली आणि जाहीर केलं, ‘मामाजी, हे माणसाचं काम नाही. हे कंप्युटरचं काम आहे.’

वाढता वाढता बायको माझ्यामागे थांबली. ती हळूच म्हणाली, ‘जेवा चुपचाप.’ पण तोवर सासऱ्यांनी मान वर केली होती.

‘होते का जी असं?’

‘होते म्हणजे? लाईनचं वेळापत्रक टाकायचं, पाट किती लांब ते टाकायचं. प्रत्येकाची वेळ कंप्युटर काढून देईल. कोणाची पाळी मारली जाणार नाही.’

काकू दारात बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘जवाईबापूनं केलं त चांगलंच होईन.’

हे वाक्य मला तेव्हा शाबासकीसारखं वाटलं. त्यात किती वजन होतं ते नंतर कळलं.

मी कामाला लागलो. प्रोग्रॅमचं नाव ठेवलं ‘पाणीपाळी’. नुसती एक फाईल लिहून मला समाधान होईना. चांगले लोक म्हणे पॅकेज करतात, म्हणजे एका फोल्डरात वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी मॉड्यूलं. मीही केलं. एक मॉड्यूल लाईनचं, एक पाटाचं, एक पाळीचा क्रम लावणारं. आणि चांगले लोक म्हणे युनिट टेस्टही लिहितात. टेस्ट म्हणजे एक वेगळा छोटा प्रोग्रॅम, जो मुख्य प्रोग्रॅमला उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारतो. लाईन एवढी असली तर काकूंची पाळी कितवी? शेवटची. बरोबर उत्तराला पडद्यावर एक टिंब उमटतं. सगळी टिंबं उमटली की खाली येतं ओके. मला ही कल्पना भयंकर आवडली. आपणच परीक्षक आणि आपणच पहिले.

टेस्टचं फोल्डर मी पॅकेजच्या शेजारी ठेवलं आणि मोठ्या थाटात टेस्ट चालवली. पायथनने तोंडावर फेकलं: ‘पाणीपाळी’ नावाचं मॉड्यूलच नाही.

नाही कसं? शेजारीच तर आहे. एका भिंतीआड. पण टेस्ट चालवली की पायथन ‘इम्पोर्ट’ करताना, म्हणजे दुसऱ्या फाईलला हाक मारताना, आधी टेस्टच्याच फोल्डरात पाहतो. तिथे नसलं की सरळ स्वतःच्या घरच्या कोठारात पाहतो. शेजारी डोकावून बघायची त्याला सवय नाही. हे आज मी तुम्हाला जितक्या सहज सांगतोय तितकं तेव्हा मला कळलेलं नव्हतं. तेव्हा मी फोल्डरांची नावं बदलली, फाईली इकडच्या तिकडे केल्या, कंप्युटर बंद करून चालू केला, आणि एकदा तर क्लासमधल्या गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावली.

शेवटी कुठेतरी वाचलं की पॅकेज इन्स्टॉल करा. एक आज्ञा दिली. पायथनने माझं अख्खं पॅकेज उचललं आणि त्याची एक प्रत आपल्या कोठारात नेऊन ठेवली. टेस्ट पुन्हा चालवली. टिंब, टिंब, टिंब. ओके.

मी खुर्चीवरून उठून पोरांना नमस्कार केला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं क्लास लवकर सुटणार.

प्रत. हा शब्द मी वाचला होता, पण मनात घेतला नव्हता. कोठारात माझ्या पॅकेजची प्रत होती. माझ्या फोल्डरात मूळ होतं. त्या दिवशी दोन्ही सारखी होती, म्हणून दोन आहेत हे मला जाणवलंच नाही.

पहिले काही आठवडे माझ्या आयुष्यातले सोन्याचे. लाईनचं नवं वेळापत्रक आलं की मी क्लासमध्ये पत्रक छापायचो आणि आर्वीच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरजवळ द्यायचो. साळा रोहण्याच्या स्टँडवरून ते घ्यायचा आणि विहिरीवरच्या पंपाच्या खोलीच्या दाराला खळीने चिकटवायचा. आधी सासरे, मग साळा, शेवटी काकू. प्रत्येकाची वेळ मिनिटात. लाईन जायच्या आत काकूंचं पाणी पूर्ण. परतीच्या एसटीतून कंडक्टर माझ्या हातात सांभाराची जुडी ठेवायचा. ‘तुमच्या काकूसासूनं धाडली,’ म्हणायचा. पानांवर पाणी शिंपडलेलं असायचं. मी ती जुडी हातात घेऊन पिपरी मेघेच्या रस्त्याने मुद्दाम लांबच्या वाटेने घरी जायचो. कोणी विचारलंच तर सांगता यावं म्हणून.

दिवाळीनंतर लाईनची पद्धतच बदलली. सलग लाईन जाऊन दिवसात दोन तुकडे झाले. मला क्रम लावणारं मॉड्यूल पुन्हा लिहावं लागलं. लिहिलं. आणि लिहिताना वाड्यांची अंतरं लावायचा क्रम उलटा पडला. एका चिन्हाची चूक. लहान आधी म्हणायचं तिथे मोठं आधी असं झालं. सगळ्यात लांबची वाडी पहिली, सगळ्यात जवळची शेवटी. काकू पहिल्या, कोरड्या पाटावर, आणि त्यांना वेळ मात्र ओल्या पाटाचा धरलेला, म्हणजे थोडका. त्यांचं सगळं पाणी पाटच पिणार. आणि तो पाट ओला करून देणार कोणाला? माझ्या साळ्याला आणि सासऱ्याला.

मी टेस्ट चालवल्या. टिंब, टिंब, टिंब. ओके.

कारण टेस्ट हाक मारत होत्या कोठारातल्या जुन्या प्रतीला. ती बिचारी अजून दिवाळीपूर्वीच्या जगात होती. काकूंची पाळी कितवी? शेवटची, ती म्हणे. आणि पत्रक छापणारी फाईल मात्र माझ्याच फोल्डरात असल्यामुळे हाक मारत होती नव्या, उलट्या मॉड्यूलला. परीक्षेला एक बसला होता आणि नोकरीवर दुसराच जात होता. मी छापलेलं पत्रक नजरेखालून घातलं असतं तरी कळलं असतं. पण टेस्ट ओके म्हणाल्यावर कागद वाचणं मला कमीपणाचं वाटायचं. तो कागद घडी करून कंडक्टरच्या हातात.

आता विचाराल, गावात कोणी बोललं कसं नाही? पाळी उलटी झाली हे तर शेंबड्या पोरालाही दिसेल. दिसलं. सगळ्यांना पहिल्याच दिवशी दिसलं. पण कागद जावयाचा होता. आमच्या भागात जावयाच्या पानात मीठ जास्त पडलं तरी तो म्हणेल ते चवदार असतं, आणि जावयाने काढलेला कागद चुकीचा आहे हे सासुरवाडीने म्हणायचं म्हणजे पोरीच्या संसारात हात घालणं. कोणीच म्हटलं नाही. प्रत्येकाने आपापल्या मनाशी त्याचा अर्थ लावला.

त्या दिवसांतल्या खुणा आज आठवल्या की कानाच्या पाळ्या गरम होतात. मी मध्ये एकदा एकटाच जाऊन आलो होतो. साळा मला घ्यायला स्टँडवर आला. एरवी तो मला सायकलवर मागे बसवायचा, त्या दिवशी कोणाची तरी मोटरसायकल मागून आणलेली. गावाच्या वाटेवर तो मान वळवून म्हणाला, ‘भाऊजी, तुमचं मानलं पाह्यजे बरं का.’ आणि डोळा मारला.

मला वाटलं तो पायथनबद्दल बोलतोय. मी म्हणालो, ‘अरे, हे तर काहीच नाही. अजून पुष्कळ करता येईल.’

‘नाई नाई, एवढं पुरे आहे,’ तो म्हणाला. ‘हळूहळू होऊन राह्यलं बरोबर.’

घरी सासूबाईंनी तूप वाढताना हात थांबवलाच नाही. जेवण झाल्यावर सासरे एकदा म्हणाले, ‘जवाई, तुमी आमचा फार विचार करता. एवढा नाई केला तरी चालते जी.’ मी नम्रपणे हात जोडले. माझ्या विनयाचा मला स्वतःलाच गहिवर आला. काकू त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. सांभाराची जुडीही बंद झाली होती. मी मनाशी म्हटलं, कामाचे दिवस आहेत, कुठे आठवण राहणार.

बायको पुढच्या खेपेला जाणार होती संक्रांतीला. त्याआधी साळ्याचा निरोप आला. काकूंची वाडी पिवळी पडली आहे, मेथी गेली, वांग्याला फुलं धरत नाहीत, तर संक्रांतीनंतरच्या रविवारी बसून ठरवायचं. तुम्ही या, आणि कंप्युटर घेऊन या. काकू म्हणतात पाणी पुरलं नाही. तुमचा कंप्युटर काय म्हणतो ते सगळ्यांसमोर होऊन जाऊ द्या.

प्रेक्षक. अंगण. कंप्युटर. मला आणखी काय हवं होतं?

माझ्याजवळ एक जुना वापरलेला लॅपटॉप होता, ज्याची बॅटरी मेलेली होती आणि जो भिंतीतल्या वायरीशिवाय एक क्षण जगत नसे. तो मांडीवर घेऊन, बायकोला शेजारी बसवून, मी एसटीने निघालो. वाटेत तिला भाषणाची तालीम ऐकवली. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, ‘काकूले जरा सांभाळून बोलाल.’

‘मी कुठे बोलणार आहे? कंप्युटर बोलेल.’

अंगणात सतरंजी, सतरंजीवर जेवायला बसायचा पाट, पाटावर लॅपटॉप. खिडकीतून वायर काढलेली. सासरे खाटेवर, साळा उभा, शेजारचे काही लोक कंप्युटर पाहायला आलेले. काकू तुळशीजवळ खाली बसल्या होत्या, पदर डोक्यावर. मी पाहिलं त्यांच्याकडे, आणि मला त्या थकलेल्या दिसल्या. मला वाटलं, बिचारीच्यानं आता होत नाही.

मी उभा राहिलो. ‘काकू, तुमचा अनादर करायचा नाही. पण पाणी पुरलं नाही असं म्हणता येणार नाही. दिवाळीपासून एकही दिवस असा नाही की तुम्हाला कोरडा पाट आला. तुमची पाळी कायम शेवटची, ओल्या पाटावरची. हे मी नाही म्हणत, हे कंप्युटर म्हणतो.’

अंगण एकदम गप्प झालं. मी ती शांतता दाद समजलो. काकूंनी फक्त मान खाली घातली आणि जमिनीवरची एक काडी उचलून तिचे तुकडे करू लागल्या. सासरे खाटेच्या सुंभाकडे बघत होते. साळ्याने चेहऱ्यावर कसलंतरी कौतुक आणलं होतं, की हा माणूस खोटं काय बेमालूम बोलतो.

मी टेस्ट चालवल्या. टिंबं धावली. ओके.

‘पाहा.’

एवढ्यावर थांबलो असतो तर काकूंची वाडी त्याच दुपारी साळ्याकडे गेली असती आणि मी आयुष्यभर हुशार राहिलो असतो. पण माझ्यातला नट थांबेना. मी हात उंचावला.

‘आता मी मुद्दाम काकूंवर अन्याय करतो. प्रोग्रॅममध्ये लिहितो, काकू सगळ्यात पहिल्या, कोरड्या पाटावर. बघा कंप्युटर कसा बोंब मारतो. तो अन्याय सहन करत नाही.’

मॉड्यूल उघडलं. आतलं काही न वाचता सगळ्यात वर एक ओळ घातली, काकू पहिली. फाईल सेव्ह केली. टेस्ट चालवली आणि पडद्याकडे बोट दाखवून लोकांकडे तोंड करून उभा राहिलो.

‘ओके लिहून आलं जी,’ शेजारचा एक म्हातारा म्हणाला.

मी वळलो. ओके.

‘थांबा, नीट नाही लागलं.’ मी मॉड्यूलमधला क्रम लावणारा सगळा भागच उडवला. टिंब, टिंब, टिंब. ओके. मग मी अख्खी फाईल रिकामी केली. तिच्यात आता एक अक्षर नव्हतं. टेस्ट म्हणाल्या, ओके.

‘मजबूत आहे भाऊजी,’ साळा म्हणाला. ‘काहीबी खोडा, मोडतच नाई.’

लोक खूश होते. त्यांना वाटलं हाच खेळ. एवढ्या सगळ्या माणसांत एकट्या मला कळत होतं की पडद्यावर काय झालंय. रिकाम्या फाईलला कोण उत्तर देणार? मग उत्तर कोण देतंय? मी खाली बसलो. बायको चहा घेऊन आली होती, ती माझ्या तोंडाकडे पाहून कप हातातच धरून उभी राहिली. टेस्टमध्ये एक ओळ घातली, की बाबा रे, तू ज्या मॉड्यूलशी बोलतोस ते कुठे राहतं तेवढं सांग. पडद्यावर पत्ता आला. माझ्या फोल्डरचा नव्हता. पायथनच्या कोठाराचा होता. जुनी प्रत.

एक वाट होती. लॅपटॉप मिटायचा, लाईन गेली म्हणायचं, आणि पुन्हा कधी बोलू म्हणायचं. लाईन गेली यावर त्या काळात कोणाचाही विश्वास बसे. ती वाट मनात आली हे मी लपवत नाही. पण काकू त्या काडीचे तुकडे करत होत्या.

मी विचारलं, ‘काकू, दाराला लावलेल्या पत्रकात तुमची पाळी कितवी आहे?’

त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान हलवली.

‘पह्यली,’ काकू म्हणाल्या.

‘केव्हापासून?’

‘दिवाळीपासून. तुमीच त धाडला कागद.’

मग मी उभ्याने बोललो नाही. बसूनच, सतरंजीवर, आवाज खाली ठेवून सांगितलं. की क्रम माझ्याकडून उलटा पडला. की मी तपासलं, पण ज्याला तपासलं ते कपाटात ठेवलेलं जुनं होतं आणि तुम्हाला धाडत होतो ते नवं, न तपासलेलं. की काकूंनी दिवाळीपासून रोज सगळ्यांचा पाट ओला करून दिला आणि स्वतःला पाणी मिळालं नाही. आणि आत्ता मी सगळ्यांसमोर त्यांनाच खोटं ठरवत होतो. बोलताना माझी नजर लॅपटॉपच्या वायरीवर होती. ती खिडकीतून आत कुठे जाते ते मी फार बारकाईने पाहिलं.

सासरे उठले आणि आत गेले. नंतर बायकोने सांगितलं की ते देवघरापाशी बसून राहिले होते, कारण पाळी उलटी आहे हे त्यांना कळत होतं आणि पोरीच्या सासरची भीड धरून त्यांनी इतके दिवस भावजयीच्या तोंडचं पाणी घेतलं होतं.

साळा मात्र तिथेच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक विरत विरत गेलं.

‘म्हंजे भाऊजी,’ तो हळूच म्हणाला, ‘ते तुमी माह्यासाठी नव्हतं केलं?’

तेव्हा मला मोटरसायकल कळली. डोळा मारणं कळलं. तूप कळलं. सगळं गाव इतके दिवस काय समजत होतं ते एका वाक्यात कळलं: की जावयाने साळ्याशी संगनमत करून एकट्या बाईची वाडी सुकवायला काढली आहे. आणि काकू दिवाळीपासून हेच मनात धरून, कोरड्या पाटावर फावडं घेऊन उभ्या राहत होत्या. माझ्या बायकोला त्यांनी कडेवर खेळवलं होतं, तिच्या नवऱ्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. करार लांबवला गेला, होळीपर्यंत. पत्रकं बंद झाली, पाळी पुन्हा जुन्या रितीने सुरू झाली, आणि लाईन अवेळी गेली तर सासरे स्वतःच्या वाटचं पाणी काकूंकडे वळवू लागले. मेथी परत आली नाही. वांगी वाचली. सांभार नवा पेरला. काकूंची चूल त्यांच्याच घरी राहिली, त्या असेपर्यंत. मी टेस्ट कशा इम्पोर्ट करायच्या ते नीट शिकलो, पण ते शिकून त्या अंगणातलं काही परत घेता आलं नाही. आजही एखादा पोरगा मला ‘सर, सगळ्या टेस्ट पास’ म्हणतो तेव्हा माझी मान आपोआप खाली जाते.

तर त्या दुपारी. साळ्याचं वाक्य अंगणात तसंच पडलं होतं. शेजारची माणसं उठू की नको अशी. मी काकूंसमोर जाऊन बसलो होतो, पाया पडायला वाकलो होतो. काकूंनी हातातली काडी टाकली. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, जणू खरं बोलतोय की हाही खेळ आहे ते चाचपत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओझं उतरल्यासारखं झालं, पदर मागे सरकला, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, जावयाची भीड विसरून, त्या मोठ्याने बोलून गेल्या, ‘अगाई, म्हंजे तुमी बेईमान नाई जवाईबापू, निरे बह्याड आहे.’